मंथरेचे निमित्त नको

२०२३ सालच्या चवथीत आमच्याकडचे पाच दिवसांचे गणपती पोचवून झाले, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे शेजारीपाजारी वाटून झाली आणि घर पुन्हा रिकामे वाटू लागले, तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा लॅपटॉप घेऊन माजघरात येऊन बसला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ महिन्याभरापूर्वीच आला होता आणि आम्ही दोघे तो मिळून खेळत होतो. त्याने एकदम हाक मारली, “मावशी, मिंथारा सापडली!” आई तिथेच समया घासत बसली होती. ती म्हणाली, “मंथरा? ती कशी आली तुमच्या खेळात?”

मी तिला समजावून सांगितले की ही मंथरा नव्हे, मिंथारा आहे; जमिनीखालच्या नगरातून आलेली एक योद्धी, गॉब्लिन या खुज्या राक्षसांच्या टोळीची सेनानी, आणि जिथे निर्वासित कुटुंबे आसऱ्याला आली आहेत त्या वनराईवर ती हल्ला करणार आहे. आई म्हणाली, “मग तिला मारा आणि पुढे चला.” भाचा म्हणाला, “पण आजी, मला ती आवडते.” आईने हातातली समई खाली ठेवली आणि त्याच्याऐवजी माझ्याकडे पाहून विचारले, “वाईट बाई आवडते म्हणजे नक्की काय आवडते?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. गेली वीसेक वर्षे मी हे खेळ खेळते आहे आणि माझ्या आवडत्या स्त्रीपात्रांची यादी केली तर तिच्यात निम्म्याहून अधिक जणी खून, विश्वासघात, नरसंहार किंवा निदान क्रूर स्वार्थ यांपैकी कशाच्या ना कशाच्या अपराधी निघतील. माझ्या ओळखीतल्या बहुतेक गेमरांचेही तसेच आहे, आणि त्यातले कोणीही प्रत्यक्ष आयुष्यात क्रौर्याचे समर्थन करणारे नाही. तेव्हा ‘आजकालच्या मुलांना वाईटाचेच आकर्षण’ हे उत्तर मला पटत नाही. आईच्या प्रश्नातला ‘नक्की काय’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, आणि हे लांबलचक लिखाण त्यासाठीच आहे.

सुरुवात मी खेळापासून न करता नाटकापासून करते, कारण उत्तराचा पहिला धागा मला तिथे सापडला. आमच्या गावच्या देवळात उत्सवाला मराठी नाटक होते आणि गोव्यातल्या असंख्य गावांप्रमाणे ते गावातलीच माणसे करतात. माझे थोरले काका तरुणपणी स्त्रीभूमिका करत आणि त्यांची कैकेयी पंचक्रोशीत नावाजलेली होती. मी लहान असताना त्यांना विचारले होते की अशा दुष्ट बाईचे काम करताना त्यांना कसे वाटते. ते म्हणाले होते, “तिला दुष्ट समजून उभा राहिलो तर माझ्या तोंडून वाक्यच फुटत नाही. दोन वर मागताना मला ते खरोखर हवे असावे लागतात.” प्रेक्षक कैकेयीचा राग करू शकतो, कारण तो सतरंजीवर बसलेला असतो. नटाला ती सवलत नसते, कारण वर मागणारा आवाज त्याचा स्वतःचा असतो.

गेम खेळणारा माणूस या दोघांच्या मधल्या जागेवर असतो. तो पाहतो, पण कळही तोच दाबतो. मी हे सर्वांत आधी म्हापशातल्या एका सायबर कॅफेत शिकले. तिथे ‘वॉरक्राफ्ट ३’ चालत असे, आणि दहा-बारा मुलांत मी एकटीच मुलगी असे. २००२ सालच्या त्या खेळात राजपुत्र आर्थस बिघडत जातो आणि तो बिघडत असताना त्याला चालवणारे आपणच असतो. रोगाची लागण झालेले स्ट्रॅथहोम शहर तो कापून काढायला निघतो, तेव्हा त्याचे गुरू उथर आणि त्याची प्रेयसी जेना दोघेही पाठ फिरवून निघून जातात. आपल्याला मात्र जाता येत नाही, कारण तो टप्पा आपल्याला जिंकायचा असतो. पुढे मृतांच्या सैन्याच्या मोहिमेत याच आर्थसच्या रूपाने आपण एल्फांच्या देशावर चालून जातो आणि तिथली सेनानी सिल्व्हानस शेवटपर्यंत आपली वाट अडवत राहते. ती हरते. तिला नुसते मरू दिले जात नाही, तर तिचा आत्मा ओढून काढून तिला गुलाम प्रेतात्मा केले जाते. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणी खेळात ती त्या बंधनातून सुटते आणि मग आपण तिच्या बाजूने खेळतो. ज्या हातांनी तिला ठार केले त्याच हातांनी तिचा सूड उभा करायचा, ही गोष्ट मला वाटते केवळ खेळच करू शकतो. सतरा वर्षांच्या माझ्या मनावर तिचा जो ठसा उमटला, त्याचे कारण हे आहे की तिच्यावर झालेल्या अन्यायात माझाही हात होता.

आता या पात्रांत आवडण्याजोगे काय असते ते सांगते. त्यासाठी मला मॉरिगन या चेटकिणीकडे यावे लागेल, कारण माझ्या मते या जातीच्या पात्रांत तिच्याइतके बारकाईने लिहिलेले दुसरे पात्र नाही. बायोवेअरच्या २००९ सालच्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये ती आपल्याबरोबर येते ती पहिल्या दिवसापासून तक्रार करतच. वाटेत कोणी मदत मागितली आणि आपण थांबलो की तिची नाराजी पडद्यावर अक्षरशः आकड्यांत दिसते. दुर्बळाला सावरणे तिला मूर्खपणा वाटतो, सत्ता मिळत असेल तर ती का सोडावी हे तिला कळत नाही. पहिले पंधरा-वीस तास मला तिचा मनापासून राग येत होता. मग एका मुक्कामावर ती लहानपणची एक आठवण सांगते. अरण्यात आईबरोबर एकटी वाढलेली ही मुलगी एकदा लपतछपत माणसांच्या वस्तीकडे गेली आणि एका श्रीमंत बाईच्या गाडीतून तिने सोनेरी चौकटीचा एक हातआरसा पळवला. तिने त्याहून सुंदर काही पाहिलेले नव्हते. घरी आल्यावर आईने, म्हणजे फ्लेमेथने, तो आरसा हिसकावून जमिनीवर आपटून फोडला, कारण सुंदर वस्तूंचा मोह हा दुबळेपणा आहे हे मुलीला शिकवायचे होते.

मॉरिगन ही आठवण रडत सांगत नाही. उलट आईने योग्यच केले असे ती म्हणते. पुढे बुटक्यांच्या नगरीत एका दुकानदाराकडे तसाच सोनेरी आरसा विकायला असतो, आणि खेळ आपल्याला तो घ्या असे कुठेही सांगत नाही. मी तो घेऊन तिला दिला, तेव्हा बदल्यात काय हवे या विचाराने ती इतकी गोंधळून गेली की मला खेळ थांबवून थोडा वेळ बाहेर बलकावात जाऊन बसावे लागले. माणसाला दयेची भाषा शिकवलीच नसेल तर दया समोर आल्यावर त्याला ती ओळखता येत नाही, हे त्या एका प्रसंगाने मला जितके कळले तितके उपदेशाने कधी कळले नसते. आणि तरीही आरसा मिळाला म्हणून मॉरिगन सुधारत नाही. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री ती जो प्रस्ताव घेऊन येते, ज्यात आपले प्राण वाचवण्याच्या मोबदल्यात तिला एका प्राचीन देवाचा आत्मा धारण करणारे मूल हवे असते, तो प्रस्ताव तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. मैत्रीही खरी होती आणि डावही खरा होता. मला आवडते ती तिची ही गोष्ट: ती माझ्यासाठी घडवलेली नाही. मी खेळातली नायिका असले तरी तिच्या आयुष्याचा हेतू मी नाही.

पुष्कळ काल्पनिक विश्वांत चांगल्या स्त्रीला हेतूच दिलेला नसतो. ती वाट पाहते, जखमा बांधते, नायकाला धीर देते, किंवा त्याला चीड यावी म्हणून मरते. स्वतःचे काही हवे असलेली बाई लिहायची झाली की लेखकांचा हात आपोआप खलनायिकेकडे वळतो, जणू हवे असणे हाच तिचा पहिला अपराध. त्यामुळे खेळणाऱ्याला इच्छाशक्ती असलेली स्त्री भेटते ती बहुधा काळ्या वेशातच भेटते. माझ्या पिढीतल्या कित्येक मुलींनी या पात्रांवर जीव लावला, त्यामागे त्यांच्या क्रौर्याचा वाटा थोडा आणि त्यांच्या इच्छेचा वाटा मोठा होता.

सौंदर्याचा आक्षेप मला ठाऊक आहे. ही पात्रे पुरुषांच्या नजरेसाठी रेखाटलेली असतात आणि आवडण्याचे कारण तेवढेच, असे म्हणणारे पूर्ण चुकीचे नाहीत. मॉरिगनचा पोशाख पाहून मलाही वाटले होते की ती राहते त्या दलदलीत हिला थंडी वाजत नसेल का. पण मग फ्लेमेथचे काय? तीच आरसा फोडणारी म्हातारी, जटा वाढलेली, फाटक्या वस्त्रांतली, आणि त्या मालिकेच्या चाहत्यांत तिच्याविषयी जो आदर आहे तो तरण्या पात्रांनाही क्वचित मिळतो.

‘एल्डन रिंग’मधली रॅनी तर बाहुलीच्या देहात राहते. २०२२ साली आलेल्या, फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या त्या खेळातली ती चेटकीण आहे. दैवी सत्तेने तिला पुढच्या राणीपदाची एक उमेदवार म्हणून निवडलेले असते आणि कोणाच्या तरी बोटांवर नाचणारी राणी होण्यापेक्षा ती स्वतःचा देह टाकून देते. त्यासाठी ती मृत्यूचा एक अंश चोरते, त्यातून खंजीर घडवते, आणि ज्या रात्री तिचा देह मरतो त्याच रात्री गॉडविन या राजपुत्राचा आत्मा मारला जातो. आत्मा नसलेले त्याचे शरीर मग त्या भूमीत मरणाची विकृती पसरवत राहते. निरपराधाच्या प्राणांवर मिळवलेले हे स्वातंत्र्य आहे. रॅनीविषयीच्या माझ्या आदराचे मूळ एका छोट्या संवादात आहे. योग्य वेळ आली की ती आपणहून सांगते की अंश मी चोरला, विधी मी केला, हे सगळे मीच केले. ती कोणाचेही नाव पुढे करत नाही आणि आपल्याकडून क्षमाही मागत नाही. खेळातल्या कोड्यांची उकल करत आपण ज्या अपराध्याचा माग काढत असतो, तो अपराधी समोर बसून शांतपणे ‘होय’ म्हणतो.

आईच्या प्रश्नाचे माझे उत्तर या ‘होय’मध्ये आहे. आपल्याला आवडते ते कृत्य नसते, कृत्याची मालकी घेणे असते.

मिंथाराकडे परत येते, कारण मालकी हा शब्द मला तिच्यामुळे सुचला. पहिल्या वेळी आम्ही आईचे ऐकले आणि वनराई वाचवली. डिसेंबरात मी एकटीने दुसऱ्यांदा खेळ सुरू केला आणि या वेळी मिंथाराची बाजू घ्यायची असे ठरवले. सुरुवातीच्या रूपात खेळाची अट अशी होती की तिला खऱ्या अर्थाने सोबती करायचे असेल तर त्या कत्तलीत सामील व्हावे लागे. मी सामील झाले. ज्या निर्वासितांशी पहिल्या खेळात मी तासन्‌तास बोलले होते, ज्यांची नावे मला पाठ होती, त्यांचे मृतदेह दारापाशी पडलेले पाहताना हात खरोखर थंड पडले होते. विल आणि कार्लॅक हे दोन सोबती मला सोडून गेले. पण खरी शिक्षा पुढे होती. पहिल्या वेळी पुढच्या प्रवासात एका सराईत याच निर्वासितांची पुन्हा भेट झाली होती, त्यांच्या छोट्या छोट्या गोष्टी पुढे सरकल्या होत्या. आता त्या सराईत ती माणसे नव्हती. खेळाने मला कुठेही रागावले नाही, फक्त त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या.

आणि मग मूनराइजच्या मनोऱ्यात मिंथारा भेटली ती कैदी म्हणून. ज्या शक्तीसाठी तिने कत्तल केली तीच शक्ती आता अपयशाबद्दल तिची स्मृती पुसून टाकायला निघाली होती. तिच्या मनावर आधीपासूनच ताबा घेतलेला होता हेही तिथे उघड झाले. म्हणजे निमित्त तिच्या हाताशी आयते होते. पण तिने मागितला तो सूड. मी दार उघडले, ती चालत बाहेर आली, आणि पुढच्या कितीतरी तासांत तिच्याइतकी एकनिष्ठ सोबती मला त्या खेळात लाभली नाही. मला ती प्रिय झाली आणि त्या प्रेमाखाली ती रिकामी सराई कायम राहिली. दोन्ही एकत्र बाळगावे लागणे, हेच मी दुसऱ्या खेळातून मिळवले.

नंतरच्या सुधारणांमध्ये निर्मात्यांनी एक नवी वाट दिली: मिंथाराला ठार न मारता बेशुद्ध केले तर कत्तल न करताही ती पुढे सोबती होऊ शकते. खेळाडूंनी अशी चोरवाट आधीच शोधून काढली होती, निर्मात्यांनी तिला राजमान्यता दिली. भाच्याला याचा फार आनंद झाला. मला झाला नाही, आणि याबद्दल आमचा अजूनही वाद आहे. त्याचे म्हणणे असे की जे पात्र आवडते ते सर्वांना भेटावे. माझे म्हणणे असे की किंमत न देता मिळालेली मिंथारा ही निम्मी मिंथारा आहे. वनराईही शाबूत आणि तीही बरोबर, म्हणजे तिच्यातला जो भाग आपल्याला अडचणीत आणतो तो काढून टाकून उरलेला भाग आपण घरी नेला.

पुरुष पात्रांना ही अडचण सहसा काढून टाकावी लागत नाही. आर्थसने स्ट्रॅथहोममध्ये केले ते योग्य होते की नव्हते यावर वीस वर्षांहून अधिक काळ चाहते गंभीरपणे वाद घालत आहेत, आणि त्याची शोकांतिका झाली याविषयी कोणालाच शंका नाही. सिल्व्हानसने २०१८ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या कथेत टेलड्रासिल हे वसलेले महावृक्षनगर जाळले, तेव्हा मात्र तिच्यावर निष्ठा ठेवणाऱ्या खेळाडूंनाच वेडे ठरवले गेले. मी त्या आगीचे समर्थन करत नाही. ते दृश्य पाहून मी रडले होते. पण पुरुषाच्या पापाला आपण खोली देतो आणि बाईच्या पापाला चारित्र्याचा दाखला समजतो, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, त्यातून पेशवेपद रघुनाथरावांना मिळाले, रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. आणि आपल्या भाषेत वाक्प्रचार म्हणून उरला तो आनंदीबाईंच्या नावचा ‘ध चा मा’, जो त्यांनी केला की नाही यावरच वाद आहे.

सिल्व्हानसवर खरा अन्याय माझ्या मते चाहत्यांनी केला नाही, तो लेखकांनी केला, आणि तो तिला वाचवण्याच्या भरात केला. ‘शॅडोलँड्स’ या २०२० सालच्या भागात असे उघड झाले की आर्थसने तिला मारले तेव्हाच तिच्या आत्म्याचा एक तुकडा तुटून वेगळा झाला होता, आणि तो परत जोडला गेल्यावर तिला पश्चात्ताप झाला. इतकी वर्षे जिच्या निर्णयांवर आम्ही भांडलो, जिच्यासाठी मित्र तोडले, ती पूर्ण नव्हतीच, असा त्याचा अर्थ निघतो. मला ते वाचून फसवल्यासारखे वाटले. त्याच कथेचा शेवट मात्र मला पटतो. जिचे नगर जळले ती टायरांडे तिला न्याय देते: मेलेल्यांच्या नरकलोकात जा आणि तिथे अडकलेला प्रत्येक आत्मा शोधून बाहेर काढ. सिल्व्हानस वाद न घालता निघते. तुटलेल्या तुकड्याची सबब आधी मध्ये आली नसती तर तो प्रसंग किती मोठा झाला असता!

माझे घर डिचोली तालुक्यात आहे, शिरगावची देवी लईराई आमच्या मनात लहानपणापासून आहे. देवीची आणि खेळातल्या पात्रांची तुलना मला करायची नाही, त्या वेगळ्या पातळीवरच्या गोष्टी आहेत. पण लोककथा आमच्याकडे अशी सांगतात की रागाच्या भरात देवीने आपल्या भावाला, खेतोबाला, लाथ मारली आणि नंतर त्या कृत्याचे प्रायश्चित्त म्हणून तिने स्वतः अग्नी पत्करला. वैशाखातल्या जत्रेच्या रात्री व्रतस्थ धोंड, म्हणजे देवीचे भक्त, हातात बेत, म्हणजे वेताची काठी, घेऊन होमखणाच्या निखाऱ्यांतून चालतात, तेव्हा ती कथा गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिच्यात कोणी देवीचे कान भरले असे नाही, तिचे मन कोणी फिरवले असेही नाही. राग तिचा, लाथ तिची, आणि निखारेही तिनेच मागून घेतलेले. ज्या मातीत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांगितली जाते, तिथल्या माझ्या आईला रॅनीचे ‘होय’ समजावून सांगणे मला शेवटी अवघड गेले नाही. “म्हणजे ती लपत नाही,” आई म्हणाली, आणि मी म्हटले की हो, तेच.

आपल्याकडेही आता पौराणिक विश्वावर खेळ होऊ लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली केलेला ‘राजी’ मी आनंदाने खेळले. भावाला असुरांपासून सोडवायला निघालेली ती लहान मुलगी मला आवडली. ती निर्मळ आहे आणि तिने तसेच असावे. पण मला आता कोणीतरी कैकेयी करून हवी आहे, आणि ती मला खेळायची आहे. रणांगणात दशरथाचा रथ सावरणाऱ्या तरुण राणीपासून कोपभवनापर्यंत तिला माझ्या हातांनी चालवू द्यावे. मंथरा येईल, बोलेल, तिने जरूर बोलावे. पण ती निघून गेल्यावर दालनात मी एकटी उरले पाहिजे, दशरथ दाराशी आलेला असला पाहिजे, आणि दोन वर मागण्याची कळ माझ्या अंगठ्याखाली असली पाहिजे.